वेळेवर येणारा सूर : डीजेच्या लॅपटॉपचा आणि त्याच्या कसोट्यांचा इतिहास

१/२२
टिटवाळ्याजवळच्या एखाद्या गावात हळदीची रात्र आहे. दहा वाजता आवाज बंद करावाच लागणार, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साडेनऊला, ऐन भरात, लॅपटॉप अडकतो. तो बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत चार-पाच मिनिटे जातात. नाचणारे थांबतात, यजमानांचा चेहरा उतरतो आणि पुढच्या लग्नाची सुपारी दुसऱ्या डीजेकडे जाते. हा लॅपटॉप दुकानातला सर्वांत वेगवान असू शकतो. मग तो भरवशाचा का ठरला नाही? या प्रश्नाच्या उत्तरामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्याचाच हा थ्रेड.

२/२२
टिटवाळा हे कल्याणच्या पुढे, मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे स्थानक. येथील महागणपतीच्या मंदिराच्या इतिहासाशी थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव जोडले जाते. काळू नदीच्या या परिसरात आगरी, कोळी आणि कुणबी समाजाची जुनी वस्ती आहे. आगरी लग्नात धवलारीण धवले गाऊन विधी पार पाडते. हळदीच्या रात्री मात्र नाच हवा असतो. तो आधी बेंजो पार्टीने पुरवला, पुढे डीजेने. लग्नसराई आणि गणेशोत्सव या दोन हंगामांवर कितीतरी डीजेंचे वर्षाचे गणित अवलंबून असते.

३/२२
लॅपटॉपच्या आधी मांडवात गाणी वाजवणारा असे तो मंडप-डेकोरेशनवाला. त्याच्याजवळ रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर आणि झाडाला किंवा बांबूला बांधलेला चोंगा. १९४० साली स्थापन झालेल्या आहुजा कंपनीचे नाव या व्यवसायात घरोघरी पोहोचले. यंत्राची परीक्षाही सोपी होती : सुई झिजली आहे का, फ्यूज शाबूत आहे का, वायर कुठे तुटली आहे का. खिशात एक जादा सुई आणि एक जादा फ्यूज असला की रात्र निभावे. बिघाड डोळ्यांना दिसे आणि हाताने दुरुस्त होई.

४/२२
जगात डीजेच्या यंत्राची पहिली मोठी कसोटी लागली ती गतीच्या स्थिरतेची. जुन्या तबकडीयंत्रांत मोटर आणि तबकडी यांच्यामध्ये रबरी पट्टा असे. पट्टा सैल झाला की सूर ढळे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७० मध्ये एसपी-१० हे यंत्र आणले. त्यात मोटर थेट तबकडीला जोडलेली होती. १९७२ मध्ये एसएल-१२०० आले. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वार्ट्झ नियंत्रण आणि गती कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली. पुढची कित्येक वर्षे जगभरचे डीजे याच यंत्रावर विसंबून राहिले.

५/२२
या यंत्राचे सामर्थ्य एका गोष्टीत होते : त्याला दुसरे कोणतेही काम नव्हते. तबकडी ठरल्या वेगाने फिरवणे, एवढेच. नंतर सीडी आली. पायोनियरने १९९४ मध्ये सीडीजे-५०० आणि २००१ मध्ये सीडीजे-१००० बाजारात आणले. त्याच काळात खिशातल्या सीडी प्लेअरमध्ये एक युक्ती रूढ झाली. काही सेकंदांचे संगीत आधीच वाचून स्मृतीत साठवायचे, म्हणजे धक्का बसून वाचन चुकले तरी साठ्यातून सूर चालू राहतो. हा ‘आगाऊ साठा’, म्हणजेच बफर, पुढच्या सगळ्या कथेचा नायक आहे.

६/२२
१४ जुलै १९९५ रोजी जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांनी आपल्या ध्वनिफायलींसाठी ‘एमपी३’ हे नामविस्तारक निश्चित केले. सीडीवरच्या एका मिनिटाच्या संगीताला साधारण १० मेगाबाइट जागा लागते. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये तेच मिनिट सुमारे १ मेगाबाइटमध्ये मावते. पाच मिनिटांचे एक गाणे धरले, तर हजार गाणी ५ गिगाबाइटमध्ये बसतात. तबकड्यांच्या पेट्या वाहणाऱ्या डीजेला हा मोठा दिलासा होता. गाण्यांचा अख्खा संग्रह लॅपटॉपमध्ये आला. त्याबरोबरच लॅपटॉपचे सगळे दोषही मंचावर आले.

७/२२
नेदरलँड्समधील एन२आयटी या कंपनीने फायनल स्क्रॅच ही प्रणाली घडवली. स्टँटन कंपनीच्या साथीने ती शतकाच्या आरंभी बाजारात आली. तबकडीवर गाण्याऐवजी एक संकेतस्वर कोरलेला असे. तो ऐकून लॅपटॉप ओळखे की तबकडी कुठे, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरते आहे. गाणे त्यानुसार वाजे. रिची हॉटिन आणि जॉन अ‍ॅक्वाविव्हा हे डीजे तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी होते. तिच्या घडणीतली एक निवड मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहिली.

८/२२
फायनल स्क्रॅचचे सुरुवातीचे काम बीओएस या प्रणालीवर झाले आणि विक्रीची पहिली आवृत्ती लिनक्सवर चाले. तेव्हा घरोघरच्या संगणकांवर विंडोज होते, तरीही निर्मात्यांनी वेगळी वाट धरली. तबकडीवर हात फिरला की आवाज त्याच क्षणी हलला पाहिजे. छपाई, जाळे, पडद्यावरची सजावट अशी शंभर कामे एकाच वेळी सांभाळणारी प्रणाली त्या क्षणी दुसरीकडे गुंतलेली असू शकते. लॅपटॉपलाही एसएल-१२००सारखे एककामी बनवण्याचा हा प्रयत्न होता.

९/२२
त्यानंतर सॉफ्टवेअरची रांगच लागली. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे ट्रॅक्टर २००० साली आले. डेन्मार्कमध्ये संशोधनाच्या निमित्ताने मिक्स्झ हे मुक्त सॉफ्टवेअर २००१ मध्ये सुरू झाले. २००३ मध्ये व्हर्च्युअल डीजे आणि २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोचे स्क्रॅच लाइव्ह आले. आता नेहमीच्या विंडोज आणि मॅक लॅपटॉपवर काम होऊ लागले. सोय वाढली, पण एककामी यंत्राचा भरवसा गेला. प्रत्येक डीजेला आपल्या लॅपटॉपची परीक्षा स्वतःच घेणे भाग पडले.

१०/२२
परीक्षा नेमकी कशाची? डिजिटल ध्वनी म्हणजे सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० आकडे. लॅपटॉप ते एकेक करून देत नाही, गठ्ठ्यांनी देतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. १२८ आकड्यांचा गठ्ठा सुमारे २.९ मिलिसेकंद पुरतो, २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६ आणि १,०२४ चा २३.२. गठ्ठा लहान ठेवला तर डीजेच्या हाताला आवाज तत्काळ प्रतिसाद देतो. मोठा ठेवला तर प्रतिसाद किंचित मागे पडतो, पण यंत्राला श्वास घ्यायला वेळ मिळतो. डीजेची तडजोड या दोहोंमध्ये असते.

११/२२
५१२ चा गठ्ठा घेतला, तर सेकंदाला सुमारे ८६ वेळा नवा गठ्ठा वेळेवर पोहोचवावा लागतो. चार तासांच्या कार्यक्रमात अशा सुमारे १२ लाख ४० हजार पाळ्या येतात. त्यांपैकी एक चुकली तर ‘चट’ असा आवाज येतो; सलग काही चुकल्या तर गाणे तुटते. ९९.९९ टक्के वक्तशीर असलेला लॅपटॉपही या हिशेबाने रात्रीत १२४ वेळा चुकेल. म्हणून सरासरी वेगाला येथे फारसा अर्थ नाही. यंत्राची सर्वांत वाईट पाळी किती वाईट, एवढेच विचारायचे.

१२/२२
टिटवाळ्याच्या प्रवाशाला हे समजावून सांगावे लागत नाही. लोकल ताशी किती वेगाने धावू शकते, याला त्याच्या लेखी महत्त्व नाही. कल्याणपुढे कसाऱ्याकडे लोकल आणि मेल-एक्स्प्रेस यांना तेच रूळ वापरावे लागतात. लांब पल्ल्याच्या गाडीला वाट देण्यासाठी लोकल थांबवली, की पुढचे सगळे गणित कोलमडते. लॅपटॉपमध्येही असेच घडते. वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरीचे व्यवस्थापन यांचे ड्रायव्हर वरच्या प्राधान्याने मध्ये घुसतात आणि ध्वनीचा गठ्ठा सिग्नलला उभा राहतो. इंजिन कितीही दमदार असले तरी सिग्नल मिळेपर्यंत गाडी हलत नाही.

१३/२२
यावर पहिला उपाय म्हणजे ध्वनीसाठी वेगळी वाट. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये असिओ ही पद्धत आणली. तिच्यामुळे सॉफ्टवेअर विंडोजचे मधले टप्पे ओलांडून थेट ध्वनियंत्राशी बोलू लागले. मॅकमध्ये कोअर ऑडिओ आले. दुसरा उपाय म्हणजे मोजमाप. लेटन्सीमॉन हे साधन विंडोजवर कोणत्या ड्रायव्हरने किती काळ वाट अडवली, हे मायक्रोसेकंदांत दाखवते. दोन मिनिटे चालवून हिरवा निकाल पाहणे निरुपयोगी आहे. गाणी वाजत असताना ते तास-दोन तास चालू ठेवावे आणि सर्वांत मोठा आकडा पाहावा.

१४/२२
काही शत्रू मात्र अशा मोजमापात सापडत नाहीत. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. ते हार्ड डिस्कच्या रांगेसमोर उभे राहून ओरडतात आणि त्याच क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचे आलेखावर दिसते. फिरत्या डिस्कवरचे वाचनशीर्ष अतिसूक्ष्म अंतरावर तरंगत असते. आवाजाची कंपने त्याला विचलित करतात. एका माणसाच्या ओरडण्याने हे होत असेल, तर बेसच्या पेट्यांमागे ठेवलेल्या लॅपटॉपचे काय होत असेल?

१५/२२
उत्तर आणखी विलक्षण आहे. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एक जुनी हकीकत लिहिली. जॅनेट जॅक्सन यांच्या ‘ऱ्हिदम नेशन’ या गाण्याची चित्रफीत वाजवली की काही लॅपटॉप बंद पडत. इतकेच नव्हे, शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही कोसळे. त्या गाण्यात मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या एका डिस्कची नैसर्गिक कंपनसंख्या होती. निर्मात्याने ती कंपनसंख्या गाळणारी व्यवस्था ध्वनीच्या वाटेतच बसवली. या दोषाची पुढे सुरक्षादोषांच्या अधिकृत यादीतही नोंद झाली.

१६/२२
म्हणून डीजेच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी ही चैन ठरत नाही. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने कंपनांचा हा धोका उरत नाही. उष्णतेचा मात्र उरतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या मर्यादेला पोहोचले की स्वतःचा वेग आपोआप घटवतात. एप्रिल-मेचा उकाडा, भाद्रपदात पावसापासून वाचवण्यासाठी वर घातलेले प्लास्टिक, पंख्याच्या जाळीत साचलेला गुलाल : घरच्या टेबलावर उत्तीर्ण झालेले यंत्र येथे नापास होते. परीक्षा घ्यायची तर पंखा बंद असलेल्या खोलीत, दुपारी, पूर्ण भाराने.

१७/२२
वीज हा दुसरा स्थानिक परीक्षक. मिरवणुकीत जनरेटर असतो आणि त्याचा दाब वरखाली होतो. लॅपटॉपची बॅटरी ही त्याची घरचीच पर्यायी वीज. म्हणून जुना लॅपटॉप घेताना बॅटरीची उरलेली क्षमता तपासणे हे प्रोसेसरचे नाव वाचण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चार्जर लावताच स्पीकरमध्ये घुमणारा आवाज येऊ लागला, तर बहुधा अर्थिंगचा घोळ असतो. अशा वेळी लॅपटॉपची अर्थिंगची तार तोडणे धोक्याचे आहे. ध्वनीच्या वाटेत डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर लावणे हाच सुरक्षित मार्ग.

१८/२२
काही बिघाड घरबसल्या, इंटरनेटवरून येतात. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने घरगुती वापरकर्त्यांसाठी अद्यतने जवळपास सक्तीची केली. २०१८ च्या काही मॅकबुकांवर यूएसबी ध्वनियंत्रांचा आवाज तुटू लागला. अ‍ॅपलने २०१९ मध्ये प्रणालीत दुरुस्ती दिली. त्याच वर्षी कॅटलिना आवृत्तीत आयट्यून्स गेले आणि त्याच्या यादीवर विसंबलेल्या डीजे सॉफ्टवेअरची गाण्यांची मांडणी विस्कटली. यातून रूढ झालेला नियम साधा आहे : हंगाम संपल्यावर अद्यतन करावे, पुन्हा सगळी परीक्षा घ्यावी आणि हंगामात काहीही बदलू नये.

१९/२२
मग निवड कशी करावी? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कार्यालयांतून निघालेले लॅपटॉप मिळतात. खेळांसाठीच्या झगमगीत यंत्रापेक्षा असे मध्यम ताकदीचे यंत्र अनेकदा अधिक शांतपणे चालते. पाहायच्या गोष्टी : एसएसडी, १६ गिगाबाइट स्मृती, घट्ट बसणारे किमान दोन यूएसबी पोर्ट, बदलता येणारी बॅटरी आणि कल्याण-डोंबिवलीत दुरुस्त होऊ शकेल असे मॉडेल. कंट्रोलर हबमार्फत न जोडता थेट जोडावा. यूएसबीची वीज वाचवणारी सोय, वाय-फाय आणि ब्लूटूथ कार्यक्रमापुरते बंद ठेवावेत.

२०/२२
आणि परीक्षा? प्रत्यक्षातलीच गाणी, प्रत्यक्षातलाच कंट्रोलर, सलग चार तास, आणि सगळ्याचे ध्वनिमुद्रण. दरम्यान चार्जर काढावा आणि लावावा, झाकण मिटून उघडावे, यूएसबीची तार हलवून पाहावी. नंतर मुद्रण ऐकून ‘चट’ आवाज मोजावेत. एक जरी सापडला तरी बफर वाढवून पुन्हा चार तास. शेवटी लॅपटॉप मुद्दाम बंद पाडावा आणि दुसऱ्या साधनावरून गाणे किती सेकंदांत सुरू होते ते पाहावे. मिक्सरला आधीच जोडून ठेवलेला मोबाइल हा मंडपवाल्याच्या जादा फ्यूजचा आजचा वारस आहे.

२१/२२
या वक्तशीरपणाला कायद्याने अधिक मोल आणले. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीतील डीजे-डॉल्बीवरील बंदी उठवण्यासही न्यायालयाने नकार दिला. पश्चिम महाराष्ट्रात भिंतीएवढ्या आवाजाला ‘डॉल्बी’ म्हणतात. १९६५ मध्ये रे डॉल्बी यांनी ज्या कामासाठी कंपनी काढली, ते काम होते ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याचे!

२२/२२
२००९ मध्ये पायोनियरचे सीडीजे-२००० आले आणि पेनड्राइव्हवरून थेट गाणी वाजू लागली. लॅपटॉप घरी तयारीपुरता ठेवण्याची सोय झाली. आतून तोही संगणकच, पण एका कामाला वाहिलेला. फायनल स्क्रॅचच्या निर्मात्यांनी लिनक्स निवडून जे साधू पाहिले, तेच येथे वेगळ्या मार्गाने साधले. ही यंत्रे महाग आहेत, त्यामुळे गावोगावच्या मांडवांत लॅपटॉप अजून बराच काळ राहील. शेजारच्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असते, म्हणून आवाजाला मर्यादा आहे. घड्याळालाही मर्यादा आहे. उरलेल्या वेळात प्रत्येक गठ्ठा वेळेवर पोहोचावा, यासाठी चार तासांची ती परीक्षा हंगामाच्या महिनाभर आधी घ्यावी. नापास झालेले यंत्र बदलायला तेवढा अवधी लागतोच.
(थ्रेड समाप्त)